अण्णाच्या छातीचा निकाल

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून समितीचा टंकलेखक. विश्रामगृहाच्या हॉलमध्ये खिडकीजवळचं टेबल, कुरकुरणारा प्रिंटर. काम दोन प्रकारचं. कामगारांचे जबाब मराठीत टाइप करणे, आणि साहेब लोक जे बोलतील त्याचा गोषवारा काढणे. बारावी सायन्स नापास माणसाला पुष्कळ झालं. शुद्धलेखन बघून घेतलं मला. घरी तेलुगू, म्हणून मराठी मी शिकलोय. बाकीच्यांना ती नुसती येते.

समितीपुढचा प्रश्न एका वाक्याचा आहे. टॉवेलच्या डाइंगमध्ये जी लाल पावडर वापरतात तिने कामगारांची छाती बिघडते का, आणि बिघडत असेल तर कशी. एवढ्यासाठी बाहेरगावाहून तीन माणसं आणली. आमच्या घरी येऊन अण्णाच्या उशीचा अभ्रा बघितला असता तरी चाललं असतं. कितीही धुतला तरी गुलाबीच राहतो.

अण्णा, माझा थोरला भाऊ, त्याच रंगखोलीत होता. पावडर काट्यावर तोलायची, गरम पाण्यात कालवायची. धाप लागायला लागली म्हणून दसऱ्यापासून घरी. हे मी समितीत कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

तिघांची नावं इथे लिहिणार नाही. वही कुणाच्या हाती लागली तर पंचाईत. अध्यक्ष म्हणजे अ. निवृत्त आहेत, पण हे त्यांना अजून कळलेलं दिसत नाही. प्रत्येक वाक्य 'आमच्या काळात' पासून सुरू. सल्लागार म्हणजे स. रंग बनवणाऱ्या कंपन्यांना सल्ला देतात, तरी समितीत आहेत. 'दोन्ही बाजू हव्यात' असं अ. म्हणाले. मग कामगारांच्या बाजूचा माणूस कोणता, तर तो नाही. तिसऱ्या छातीच्या डॉक्टर. त्यांना बाई म्हणतो. कमी बोलतात. कमी बोलणाऱ्याला लोक हुशार समजतात, मी अजून समजलेलो नाही.

समोर कागदांचे गठ्ठे. प्रत्येक कागदाला तिघांनी मिळून शेरा द्यायचा, पुरावा मजबूत, मध्यम की कमकुवत. सकाळपासून चहा दोनदा, शेरा एकही नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर 'कशी' या एका शब्दावर.

बाई म्हणाल्या ते नीट लिहून ठेवतो, कारण गोषवाऱ्यात अ. ते कापणार. इजा होण्याच्या दोन वाटा. पहिली, पावडर नुसती धूळ म्हणून श्वासनळीला झोंबते, मिरचीचा ठसका बसावा तशी. धूळ कमी केली, तोंडाला चांगला मास्क लावला की भागतं. दुसरी, शरीर त्या रंगाशी वैर धरतं. आधी महिनोन्‌महिने काही होत नाही. पण एकदा वैर धरलं की चिमूटभर पावडरही पुरते, आणि ते वैर सहसा जात नाही. अशा माणसाने त्या खोलीत परत पाऊल ठेवायचं नाही. आणि मग सरकारला कोरडी पावडर बंदच करायला सांगावं लागेल, रंग ओलाच यावा असं.

स. म्हणाले, दुसऱ्या वाटेला पुरावा काय? बाई म्हणाल्या, रंगाचा शुद्ध नमुना द्या, कातडीवर चाचणी घेऊन दाखवते. स. म्हणाले, नमुना देता येत नाही, त्यात काय काय आहे ते कंपनीचं गुपित आहे.

म्हणजे कुलूप उघडून दाखवा म्हणायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. अ. यांनी मान डोलावली. कुणाच्या बाजूने ते मानेवरून कळलं नाही.

मग उंदीर. उंदरांना हा रंग खायला घालून बघितलाय म्हणे, ते टुणटुणीत राहिले. स. यांनी हा कागद 'मजबूत' मध्ये ठेवायला सांगितला. अण्णा रंग खात नव्हता. पण टंकलेखकाने हे म्हणायचं नसतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

अ. यांना चादरी आणि शेंगाचटणी घ्यायची होती. दुपारचं कामकाज त्यात गेलं. जाताना मला विचारतात, 'चटणी कुठली चांगली?' सांगितलं. माझं मत विचारलं गेलेला हा समितीतला पहिला विषय.

१० नोव्हेंबर, सोमवार

कामगारांचे जबाब सुरू. पहिलाच रफिकभाई. अण्णाचा रंगखोलीतला जोडीदार, अजून कामावर आहे. मला बघून चमकला, पण ओळख दाखवली नाही. तेवढी अक्कल आहे.

'तुम्हाला धाप लागते?'

'न्हाय साहेब. आमाला काय होत न्हाय.'

'खोकला?'

'सर्दीबिर्दी. ती तर समद्यांलाच की.'

मालकाचा मुकादम बाहेर व्हरांड्यात मोबाइल बघत बसला होता. दार उघडं. मी जसंच्या तसं टाइप केलं. रफिकभाईने सही केली आणि माझ्याकडे न बघता गेला. नेभळट.

त्यानंतर आणखी काही जण आले, सगळे धडधाकट. स. खूष. 'बघा, त्याच खोलीत वर्षानुवर्षं काम करून माणसं ठणठणीत आहेत.' मी मनात उत्तर तयार केलं होतं की जो आजारी पडतो तो खोलीत राहतोच कशाला, तो जातो, खोलीत उरतात ते न पडलेले. फार सुबक वाक्य झालं होतं. तेवढ्यात बाईंनी तेच सांगितलं, माझ्यापेक्षा थोडक्यात. 'सोडून गेलेल्यांना बोलवा.' राग आला. माझं वाक्य त्यांनी वापरल्यासारखं वाटलं.

सोडून गेलेल्यांच्या यादीत अण्णा आहे. परवा बोलावलंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

अण्णाला काल रात्री बजावलं होतं की हॉलमध्ये मी तुझा कुणी नाही. 'बरं,' म्हणाला. आत आला, खुर्चीवर बसला, दम खाल्ला, आणि पहिलं वाक्य, 'सीनू, जरा पाणी दे की बे.'

स. यांनी चष्मा काढला. 'हे तुमचे कोण?' सांगावं लागलं. त्यांनी हरकत घेतली. अ. हसून म्हणाले, 'राहू द्या हो, टंकलेखकाला कुठलं मत असतं?' माझी नोकरी वाचली. असली वाचलेली नोकरी घेऊन घरी यायला लाज वाटते.

जबाबात अण्णाने सगळं सांगितलं. काम संपल्यावर दोन-तीन तासांनी छाती आवळते, रात्री उठून बसावं लागतं, सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं. घरी बसल्यापासून बराच फरक. मला वाटलं आता झालं. मग स. यांनी विचारलं, 'घरी कोण कोण? आई काय करते?'

'अम्मा विड्या वळते.'

'घरात तंबाखू असते म्हणजे. किती वर्षं?'

'माझ्या जन्माच्या आधीपासून.'

स. पेन ठेवून मागे टेकले. तंबाखूची बारीक धूळ, लहानपणापासून, एका खोलीच्या घरात. 'मग पावडरलाच का धरायचं?' इतका वेळ झोपलेले अ. जागे झाले. 'हां, हा मुद्दा आहे.'

बाईंनी विचारलं, 'तुम्ही घरी बसल्यापासूनही आई विड्या वळते?'

'वळतीच की. न वळून कसं भागंल?'

हे वाक्य टाइप करताना आनंद झाला. कारण सरळ आहे. तंबाखू होती तशीच, पावडर गेली, आणि अण्णा सुधारला. तर दोष कुणाचा? पाचवीच्या मुलाला सुटेल असं गणित. तिघांपैकी फक्त बाईंनी ते वहीत टिपलं.

बाईंनी अण्णाला एक नळी दिली. जोरात फुंकायची, आत काटा सरकतो, छातीत जोर किती ते कळतं. सकाळ-संध्याकाळ फुंकून तक्ता भरायचा. तक्ता मी भरीन म्हणालो. अण्णाचं अक्षर समितीपुढे ठेवण्यासारखं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अम्माला कुणीतरी सांगितलं. बहुतेक अण्णाच. रात्री जेवताना विचारते (तेलुगूत, इथे मराठीत लिहितो), 'साहेब म्हणाले माझ्या तंबाखूनं झालं?'

'एक मूर्ख म्हणाला.'

'मोठा साहेब ना तो?'

'मोठा मूर्ख.'

ती हसली नाही. अण्णाच्या ताटात भात वाढत राहिली, त्याने हात आडवा धरेपर्यंत.

१६ नोव्हेंबर, रविवार

तक्ता सुंदर झालाय. सकाळचं टिंब निळं, संध्याकाळचं लाल. रेघ वर चाललीय. डोंगर चढावा तशी नाही, गल्लीतला चढ चढावा तशी, पण वर.

अण्णा म्हणतो, 'बरं वाटलं की मी कामावर जाणार.'

'जाऊन पुन्हा तेच?'

'मास्क लावतो की.'

'बाई म्हणाल्या ते तुला कळलंय का? शरीराने वैर धरलं असेल तर मास्कने काय होणार?'

'मग धरलं नसंल.'

याच्याशी काय बोलायचं. रंगखोलीत हा मालकाच्या पोरापेक्षा जास्त ऐटीत असायचा. गिऱ्हाइकाने फाटका तुकडा आणून असाच रंग हवा म्हटलं की याच्याकडे यायचे. आता दिवसभर घरात बसून वाळत घातलेल्या कपड्यांना नावं ठेवतो, अमक्याचा निळा विटका, तमक्याचा हिरवा कच्चा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मी एक टिपण तयार केलं. कुणी सांगितलं नव्हतं. तक्ता जोडला, आणि खाली लिहिलं: 'या संपूर्ण काळात घरातील तंबाखूचे काम पूर्ववत सुरू होते. बदल केवळ रंगाच्या पावडरीचा झाला.' 'पूर्ववत' वर फार समाधान वाटलं. बाईंना दिलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं. 'हे तुम्ही लिहिलंत? चांगलं आहे.' टिपण 'मध्यम' मध्ये गेलं. स. म्हणाले एकाच माणसाचा तक्ता आहे, शिवाय भावाने काढलेला. तरी 'कमकुवत' म्हणण्याचं धाडस झालं नाही.

अ. यांनी टिपणातली एक वेलांटी दुरुस्त केली. चुकीची दुरुस्त केली. मी ती पुन्हा बरोबर केली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

लिहायचं मन नाही, पण लिहितो.

अ. यांचं देवदर्शन होतं, म्हणून दुपारीच सुट्टी. इतक्या लवकर मी कामाच्या दिवशी कधी घरी जात नाही. अण्णा पंख्याखाली झोपलेला. घरात तंबाखूचा वास नाही. आधी वाटलं मलाच सर्दी झाली. सूप नेहमीच्या जागी नाही, पानांचं ओलं फडकं नाही. अम्मा नाही.

ती गल्लीच्या टोकाला पद्माक्काच्या ओट्यावर होती. बायकांच्या रांगेत, मांडीवर सूप, तंबाखूचा डबा शेजारी.

'इथे का?'

'इथंच असते.'

'कधीपासून?'

'अण्णा घरी बसला तेव्हापासून. त्याच्या छातीला कशाला तंबाखू? डबापण इथंच ठेवते रात्री. पद्माक्काची खोली रिकामी आहे.'

'मला का नाही सांगितलंस?'

पद्माक्का हसली. 'अगं, पोरगा साहेब झालाय. आता विड्या कुठं वळायच्या ते त्याला विचारायचं.' सगळ्या हसल्या. अम्मा म्हणाली, 'तुला कशाला सांगायचं? तू कधी विचारलंस?'

नाही विचारलं. संध्याकाळी घरी आलो की बांधलेल्या विड्यांचे कट्टे दिसायचे, दाराआड सूप उभं. रविवारी वळलेल्या विड्या जमा करून घेणारी ब्रँच बंद, तेव्हा दिसायचा प्रश्नच नाही. कट्टे दिसले म्हणजे वळल्या, वळल्या म्हणजे घरातच. एवढाच माझा तपास. आणि त्यावर 'पूर्ववत'.

अण्णाला उठवून विचारलं. 'तुला माहीत होतं?'

'व्हय. गप्पा मारायला बसती तिकडं.'

'मग जबाबात का नाही सांगितलं?'

'वळती का इचारलं, वळती म्हणालो. कुटं वळती हे कोण इचारलं?'

आता दोन्ही गोष्टी एकाच वेळी बंद झालेल्या. पावडरही, तंबाखूही. अण्णा कशामुळे सुधारला ते सांगता येत नाही. माझा तक्ता, निळं-लाल सगळं, त्याची किंमत शून्य.

तीन शहाण्यांना तीन आठवडे शिव्या घातल्या. त्यांच्या उंदरांवर निदान कुणीतरी नीट पाळत ठेवली होती.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कामावर गेलो. बाईंना सांगितलं नाही. टिपण त्यांच्या फायलीत वरच आहे. दिवसभर त्या फायलीकडे बघत बसलो. दोनदा चुकीचं टाइप केलं. असं माझ्याकडून होत नाही.

कुणाला कळणार आहे? पद्माक्काच्या ओट्यावर समिती येणार नाही. आणि निकाल बरोबरच लागेल, पावडरच आहे, मला माहीत आहे.

माहीत आहे म्हणजे काय, ते मात्र काल दुपारपासून माहीत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

रात्री घरी विषय काढला. चूक झाली, टिपण खोटं पडलं, बाईंना सांगावं लागेल, त्याने अण्णाची बाजू हलकी होईल. मला वाटलं अण्णा चिडेल, नको सांगू म्हणेल. मी त्याला समजावायची वाक्यंही तयार ठेवली होती.

अण्णा उठून बसला. 'म्हंजे तंबाखूनंच असंल की.'

'असं नाही म्हणालो मी. सांगता येत नाही म्हणालो.'

'पण असू शकतं.'

'असू शकतं.'

'मग पावडरचं वैर न्हाय. मी जाऊ शकतो.' त्याचा चेहरा इतका खुलला की मला त्याला मारावंसं वाटलं. रोज रात्री उशी छातीशी धरून बसायचा तो माणूस हाच.

अम्माही तशीच. 'सांग त्यांना, माझ्या तंबाखूनं झालं. मी सोडते हे काम. पद्माक्काच्या ओट्यावरसुद्धा नको. लिहून दे, मी अंगठा देते.'

'असं लिहून देता येत नाही अम्मा. खरं काय ते शोधावं लागतं.'

'खरं काय शोधायचंय? पोरगं कामाला गेलं म्हणजे झालं.'

दोघांनाही कळत नाही. तंबाखू निघाली तर अण्णा परत रंगखोलीत जाणार, आणि मूळ पावडरच असली तर यावेळी घरी चालत येणार नाही. हे मी बोललो. मग अण्णा म्हणाला, 'तुला काय, तुला तुझं बरोबर ठरायला पायजे.'

 

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

बाईंना सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत, व्हरांड्यात. टिपण परत मागितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं, उपदेश करतील असंही. दोन्ही केलं नाही. विचारलं, 'आई स्वतःहून बाहेर बसायला लागल्या?'

'हो.'

'बहुतेक घरांत हेच होतं. माणूस आजारी पडला की घरातले सगळं एकदम बदलतात. मग काय कशाने झालं ते धुऊन जातं.' थोड्या वेळाने म्हणाल्या, 'तुमच्या आईने बरोबर केलं. आपल्याला ते गैरसोयीचं आहे एवढंच.'

टिपण परत दिलं नाही. त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने नवी माहिती लिहिली, खाली माझी सही घेतली. तिथेच 'कमकुवत'.

मग उपाय सांगितला. पावडर परत सुरू करून बघणं त्या होऊ देणार नाहीत, धोका आहे. तंबाखू मात्र परत आणता येईल. अम्माने काही दिवस पूर्वीसारखं घरात बसून वळायचं, अण्णाने घरातच राहायचं, नळी फुंकायची. छातीचा जोर घसरला तर तंबाखूचा हात आहे. टिकला तर तंबाखू सुटली, आणि संशय पावडरवर. धाप लागली तर तिथेच थांबायचं, औषधाचा पंप घ्यायचा, लगेच त्यांना फोन. 'आणि घरातल्या तुम्हा तिघांची मर्जी असेल तरच.'

स. लांबून आमच्याकडे बघत होते. चहात बिस्कीट बुडवून धरलं होतं, ते तुटून आत पडलं. बरं वाटलं.

१ डिसेंबर, सोमवार

अम्मा नाही म्हणते.

'आजारी पोराच्या शेजारी बसून तंबाखू उडवू? माझ्या हातानं?'

'आधी इतकी वर्षं तेच करत होतीस.'

बोलून गेलो. ती आत गेली. आत म्हणजे पडद्यापलीकडे, आमच्या घरात आत नाही. बराच वेळ भांड्यांचा आवाज, धुतलेली भांडी परत धुतल्याचा.

तिचं म्हणणं असं की दोष तिच्यावर लिहून टाकावा, परीक्षा नको. बाईंचं म्हणणं परीक्षा हवी, तोवर दोष कुणावरच नको. दोन्हीकडचे सारखेच हट्टी.

२ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळी रफिकभाई आला, अण्णाला बघायला. माझ्याकडे बघून, 'काय टायपिस्ट साहेब, माझा जबाब छापला का पेपरात?'

'खोटा जबाब छापत नाहीत.'

'मुकादम भायेर बसलेला. तू त्याला उठिवला असतास तर खरा दिला असता.' बसला, चहा घेतला. मग अण्णाला म्हणाला, 'मालक बोलायलेत, कमिटीनं घरचंच कारन हाय म्हनून लिवलं की व्यंकटेशला, म्हंजे तुला, परत घेतो. पंखा नवा बसिवलाय खोलीत.'

'पंखा कुठल्या बाजूला?' अण्णाने लगेच विचारलं. पंख्याचा वारा काट्यावर आला तर पावडर उडते, तोल चुकतो, पंखा ह्या अंगाला पाहिजे. दोघं तेच बोलत बसले. मी मधेच म्हणालो, 'तुला रात्री खोकला येतो का रे रफिकभाई?' तो कपाकडे बघत म्हणाला, 'कवातरी.' अण्णाने ऐकलं. पुढचं पंख्याचं वाक्य अर्धंच राहिलं.

४ डिसेंबर, गुरुवार

समिती परत गेली. शेवटची बैठक पुण्याला, तिथे अहवाल ठरणार. मला बोलावलेलं नाही. 'तिकडे टंकलेखक आहेत,' अ. म्हणाले. जाताना शुद्धलेखनाचं कौतुक केलं. बाईंनी त्यांचा नंबर लिहून दिला, बैठकीआधी काही कळलं तर कळवा म्हणाल्या. नाही कळलं तर अण्णाचं प्रकरण 'कारण अनिश्चित' असं जाईल. अनिश्चित लिहिलं की सगळे मोकळे. मालक त्याला घेईल, अण्णा जाईल.

आज सकाळपासून अण्णा गप्प आहे. रफिकभाईचं 'कवातरी' त्याच्या डोक्यात असावं. किंवा नसेलही. मी उगाच त्याला शहाणा समजायला लागलोय.

६ डिसेंबर, शनिवार

अण्णानेच अम्माला राजी केलं. कसं ते मला पूर्ण ऐकू आलं नाही. एवढं ऐकलं, 'तू बसली न्हाईस तर ह्या सीन्याचं डोकं फिरंल, आनि मला कायमचं कळायचं न्हाय.' आणि अम्मा, 'कळून काय करणार आहेस?' त्यावर तो काय म्हणाला ते हळू होतं.

मग तिने मला विचारलं, पंप भरलेला आहे का ते नीट बघितलंस का. बघितलाय. तरी पुन्हा बघितला.

७ डिसेंबर, रविवार

उद्यापासून. फोन चार्ज, बाईंचा नंबर सर्वांत वर. नवा तक्ता आखला. रंगीत पेन्सिली घेतल्या नाहीत, साधीच.

कोण काय मागतंय ते आज मनात मांडून बघितलं. अण्णाला वाटतं जोर घसरावा, म्हणजे तंबाखू ठरेल आणि तो कामावर जाईल. अम्मालाही तेच हवं, दोष अंगावर घेऊन. मालक आणि स. यांनाही तेच. या घरात अण्णाचा श्वास टिकावा असं वाटणारा मी एकटा. आणि टिकला तर त्याचं काम कायमचं गेलं, हेही मीच सांगायचं. मला खरंच काय हवं आहे ते या वहीतसुद्धा लिहिता येत नाही.

८ डिसेंबर, सोमवार

अम्मा सकाळी डबा घेऊन आली. आधी दाराशी बसली, उंबऱ्याला पाठ लावून. अण्णा म्हणाला, 'तितं नव्हतीस बसत.' ती उठून खोलीच्या मधे आली. सूप मांडीवर घेतलं, झाकण काढलं. वास आला तसा मला लहानपणासारखं झोपावंसं वाटलं. ती वळायला लागली. एरवी न बघता वळते, आज प्रत्येक विडीकडे बघून. मध्येच थांबून अण्णाच्या छातीकडे. तो तिच्या शेजारी भिंतीला टेकून, कुणाच्या तरी टॉवेलचा रंग कसा उतरलाय ते सांगत. ती हूं हूं करत होती.

मी कुठे गेलो नाही. नवीन काम शोधायला हवं, ते उद्या.

दुपारी एकदा खोकला. तिघंही थांबलो. पाणी प्यायला, बस, तेवढंच.

संध्याकाळी नळी. अण्णा उभा राहिला, श्वास घेतला, फुंकला. काटा कालच्यापेक्षा बराच खाली. अम्माने सूप बाजूला ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते सुटका म्हणावं की काय, मला ठरवता येत नाही.

पण श्वास घेताना त्याचे खांदे रोजच्याइतके वर गेले नव्हते. इतके दिवस मी समोर बसून बघतोय. धापही नव्हती, शिट्टीसारखा आवाजही नव्हता.

'पूर्ण फुंकलास?'

'मग काय अर्धा?'

'अण्णा.'

तो खिडकीकडे बघायला लागला. अम्मा माझ्याकडे, मी लिहू नये अशी, किंवा लिहावं अशी. मी तक्त्यात टिंब दिलं नाही. काटा बोटाने मागे सरकवला, नळी पुसली आणि त्याच्या हातात परत दिली. म्हणालो, अजून एकदा फुंक, या वेळी माझ्याकडे बघून.